सेल्फ मारला आणि टक्‌ आवाज आला

(शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात, १९८७ च्या दहावीच्या तुकडीतर्फे दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



श्रीखंड-पुरीचं जेवण झाल्यावर बोलायला उभं करणं ही शिक्षाच आहे, आणि शाळेत असताना मी ज्या शिक्षा चुकवल्या त्यातली एखादी आज वसूल होतेय असं मी समजतो. माझ्या आधी आपला डॉक्टर हृदयावर बोलला, बँकवाली मैत्रीण निवृत्तीनंतरच्या पैशांवर बोलली. मी बॅटरीवर बोलणार आहे. हसू नका. संयोजकांनीच विषय दिलाय. त्यांचं म्हणणं, आपल्या ग्रुपवर राजकारणाला बंदी आहे, सकाळच्या फुलांच्या चित्रांना कोणी विचारत नाही, पण डिसेंबर लागला की एक विषय दरवर्षी न चुकता निघतो : 'गाडी स्टार्ट होत नाहीये, काय करू?' आणि मग कधीही तोंड न उघडणारी मंडळीसुद्धा सल्ले द्यायला लागतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दहावीला मला जेमतेम पास होण्याइतके मार्क होते. आयटीआय केलं आणि हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये हेल्पर म्हणून लागलो. तेव्हा त्याला आठ नंबरचा हायवे म्हणायचे, आता अठ्ठेचाळीस. ट्रकच्या बॅटऱ्या खांद्यावर घेऊन इकडून तिकडे न्यायच्या, हे माझं काम. त्या वेळी बॅटरीचं खोकं कडक काळ्या रबराचं असायचं आणि वर डांबराचं झाकण. एखादा सेल गेला तर डांबर वितळवून प्लेटा बदलायच्या. हातमोजे वगैरे कुणाला माहीत? संध्याकाळी घरी गेलो की शर्ट धडधाकट दिसायचा आणि आईने धुतला की त्याची चाळण व्हायची. अ‍ॅसिडाचं तसंच असतं, सुती कापड ते आधीच खाऊन बसलेलं असतं, भोक मात्र पाण्यात घातल्यावर दिसतं. आई रात्री दिव्याखाली बसून रफू करायची. एका शर्टाला एकदा तिने एकवीस टाके मोजले होते. ती म्हणायची, 'तुझ्या पगारापेक्षा माझा दोरा जास्त जातोय.'

असो. पुढे स्वतःचं दुकान झालं, आणि आज इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या गाडीत माझी बॅटरी आहे. उरलेल्या निम्म्यांनी ती ऑनलाइन घेतली आणि बसवायला माझ्याकडे आले, तेही मी मनात ठेवलेलं नाही.

तर ग्रुपवरचा वाद. आपला कॅनडातला मित्र, तो समोर बसलाय, मागच्या वर्षी त्याने विनिपेगहून फोटो टाकला होता. गाडीच्या तोंडातून वायर लोंबतेय आणि ती भिंतीच्या सॉकेटला लावलीय. आपल्या लोकांना वाटलं इलेक्ट्रिक गाडी घेतली. ती पेट्रोलचीच होती. तिकडे उणे तीस होतं, म्हणून रात्रभर इंजिन गरम ठेवायला हीटर लावतात, त्याची ती वायर. त्याखाली त्याने लिहिलं, 'तुम्हाला वसईत कसली रे थंडी, तुमच्या बॅटऱ्या कशा काय बंद पडतात?' त्यावर दीडशे मेसेज झाले. एकानेही बरोबर उत्तर दिलं नाही, आणि मी मुद्दाम गप्प बसलो, कारण दुकानात गर्दी होती.

उत्तर आज देतो. त्याचं अर्ध बरोबर आहे. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. उणे अठराच्या आसपास गेलं की बॅटरीची सेल्फ फिरवायची ताकद साधारण निम्म्यावर येते, आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिनाला फिरायला जोर जास्त लागतो. उतरलेली बॅटरी तिकडे गोठून फुटतेसुद्धा, कारण चार्ज गेला की आतल्या अ‍ॅसिडाचं जवळजवळ पाणी होतं. पण बॅटरीला मारते ती थंडी नव्हे, उष्णता. आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. मे महिन्यात फाउंटनच्या सिग्नलला तासभर अडकलेल्या गाडीचं बॉनेट उघडून हात लावून बघा. आत पाणी आटतं, प्लेटांच्या जाळ्या कुजतात. म्हणजे चोर मे महिन्यातच येऊन गेलेला असतो. आपल्याला पत्ता लागतो डिसेंबरात, पहाटे सोळा अंश असताना, जीवदानीला जायला सगळे तयार होऊन गाडीत बसल्यावर.

वसई-विरारच्या गाड्यांना आणखी एक रोग आहे, तो कॅनडात नाही. आपली गाडी उभी असते. सोमवार ते शनिवार आपण लोकलला लोंबकळणार, गाडी सोसायटीत झाकण घालून. रविवारी मासळी आणायला पापडीपर्यंत नेली तर नेली. आता हिशेब करा. आजकालच्या गाडीत किल्ली काढल्यावरही घड्याळ, लॉक, अलार्म यांना थोडा करंट लागतोच. तीस मिलिअँपिअर धरू. दिवसाला पाऊण अँपिअर-तास, महिन्याला एकवीस-बावीस. छोट्या गाडीची बॅटरी पस्तीसची, आणि तीन वर्षं जुनी झाली की ती पस्तीसची राहिलेली नसते, पंचवीसची झालेली असते. म्हणजे महिनाभर गाडी उभी राहिली की खेळ संपला. त्यात कोणी डॅशकॅमेरा थेट बॅटरीला जोडला आणि तो पार्किंगमध्येही चालू ठेवला, तर महिना नाही, आठवडा पुरतो.

हे सगळ्यांना एकदम कळलं २०२० मध्ये. मार्चअखेर लॉकडाऊन लागला आणि जूनमध्ये थोडं सुटलं, तेव्हा माझा फोन ठेवू म्हटलं तरी ठेवता येईना. एकेका सोसायटीत दहा-दहा गाड्या मेलेल्या. चौदा महिन्यांच्या बॅटऱ्यासुद्धा गेल्या, कारण उतरलेल्या अवस्थेत बॅटरी पडून राहिली की प्लेटांवर गंधकाचा क्षार बसतो, आधी तो मऊ असतो, चार्जिंगने निघतो, पण महिनोन्‌महिने राहिला की दगड होतो. मग कितीही चार्जिंगला लावा. आपले इतिहासाचे सर तेव्हा मला म्हणाले, 'अरे, मी तर रोज सकाळी पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवत होतो!' सर, रागावू नका, त्या पाच मिनिटांनीच घात केला. सेल्फ मारताना बॅटरीतून जे जातं, ते जागेवर पाच मिनिटं गुरगुरून भरून येत नाही. त्यापेक्षा गाडीला हातच लावला नसता तर बरं झालं असतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवायची, किल्ल्यापर्यंत जाऊन या, भुईगावला जा. आणि खरोखर महिनाभर नेणार नसाल तर काळी केबल काढून ठेवा. घड्याळ नव्याने लावावं लागतं, बस.

काळी केबल. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. काढताना काळी आधी, लावताना काळी शेवटी. कारण गाडीचं सगळं अंग हे काळ्या टोकाला जोडलेलं असतं. लाल टोकाला पाना लावलाय आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं, तर पाना वितळतो. पान्याच्या जागी सोन्याची अंगठी असेल तर... आमच्या गॅरेजमधल्या एका मेकॅनिकच्या बोटावर अंगठी कापून काढल्यानंतरही तिची खूण होती, मरेपर्यंत. दुकानात पहिल्या दिवशी येणाऱ्या पोराला मी आधी हात दाखव म्हणतो. अंगठी, कडं, घड्याळ, सगळं खिशात.

दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट करतानाही तेच. लाल मेलेल्या गाडीच्या लाल टोकाला, मग चांगल्या गाडीच्या लाल टोकाला, काळी चांगल्या गाडीच्या काळ्या टोकाला, आणि शेवटचं काळं टोक मेलेल्या बॅटरीला नाही, तर त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. हे का, ते या शाळेच्या प्रयोगशाळेत मला शिकवलेलं आहे. विज्ञानाचे सर पहिल्या रांगेत आहेत. सर, तुम्ही परीक्षानळीत जस्ताचे तुकडे आणि अ‍ॅसिड घालून तोंडाशी जळती काडी धरली होती आणि 'फट्‌' झालं होतं. सगळी मुलं दचकली, मी हसलो, म्हणून मला बाहेर उभं केलंत. तोच हायड्रोजन बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी निघतो. शेवटचं टोक लावताना ठिणगी पडतेच. ती बॅटरीच्या डोक्यावर पडली तर फट्‌ होतं, आणि या वेळी परीक्षानळी असते बारा किलोची, अ‍ॅसिडने भरलेली. माझ्या चष्म्याच्या काचेवर १९९४ साली उडालेले डाग आहेत. तो चष्मा दुकानात खिळ्याला टांगून ठेवलाय, बघायला या. कोणी विचारलं तर सांगतो, हायड्रोजन म्हणजे काय ते मी दोनदा शिकलो.

आता तुमचे पराक्रम. नावं घेत नाही, ज्याचं त्याला कळेल.

एकाने बॅटरीत नळाचं पाणी घातलं, कारण 'पाणी ते पाणी'. आपल्या पश्चिमेकडच्या विहिरींचं पाणी तर खारं, त्याने प्लेटा लवकर मरतात. बायकोने सांगितलं म्हणून त्याने पुढच्या वेळी फिल्टरचं घातलं. तेही नको, एसीच्या पाइपातून टपकणारंही नको. डिस्टिल्ड वॉटरची बाटली मिळते, तेवढं एकच औषध. आणि अ‍ॅसिड कधीही घालायचं नाही. आटतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच असतं.

एक गट, पाच जण, कळंबच्या किनाऱ्यावर गेला. गाडीतली गाणी चार तास लावून क्रिकेट खेळले. मग वाळूत गाडी ढकलत बसले. ते तरी ठीक, गिअरची गाडी होती, डांबरी रस्त्यावर आल्यावर दुसऱ्या गिअरला धक्क्याने लागली. पण दुसऱ्या एकाच्या लेकाने नवी ऑटोमॅटिक घेतलेली. ती आपण सगळ्यांनी मिळून गेल्या मेळाव्याला पापडी तलावापर्यंत ढकलली. सहा पन्नाशीतले पुरुष, त्यातल्या दोघांना स्टेंट. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने स्टार्ट होत नाही, हे मी फोनवर ओरडून सांगत होतो. कोणी उचलेना, कारण फोन बॉनेटवर ठेवले होते.

एकाने वर्षात दोन नव्या बॅटऱ्या घातल्या, दोन्ही 'खराब निघाल्या'. तो अर्नाळ्याला समुद्राच्या अगदी तोंडावर राहतो. बॅटऱ्या चांगल्या होत्या. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी खाऱ्या वाऱ्याने कुजली होती. टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा दिसला की सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, व्हॅसलीन लावा, आणि बॅटरीला दोष देण्याआधी ती पट्टी बघायला सांगा. हे सांगून मी माझ्याच धंद्यावर पाणी सोडतोय.

आणि आपले इलेक्ट्रिक गाडीवाले साहेब. दोन वर्षं ग्रुपवर त्यांनी आम्हाला ऐकवलं की, 'आता तुमचं दुकान बंद होणार.' एका सकाळी त्यांची गाडी उघडेना. तिलाही एक साधी बारा व्होल्टची बॅटरी असते महाराज, ती मेली की खालची मोठी बॅटरी शंभर टक्के भरलेली असली तरी तिचं दार उघडत नाही. मी गेलो, चार्ज लावला, चहा प्यालो. पैसे घेतले नाहीत. तेवढा आनंद पैशांत मिळत नाही.

इथपर्यंत हसलात, बरं वाटलं. आता एक गोष्ट माझी सांगतो. ही मी ग्रुपवर कधी लिहिली नाही.

तीन वर्षांपूर्वीची जानेवारी. माझ्या स्वतःच्या गाडीची बॅटरी साडेचार वर्षांची झाली होती. दोन आठवडे सेल्फ जड फिरत होता, ते माझ्या कानाला कळत होतं. दुसऱ्याची गाडी असती तर मी वीस फुटांवरून सांगितलं असतं. दुकानात त्या दिवशी चाळीस नव्या बॅटऱ्या रॅकवर होत्या. रोज संध्याकाळी कुलूप लावताना म्हणायचो, उद्या बदलू.

पहाटे चारच्या सुमाराला आई पाणी प्यायला उठली आणि तांब्या पडल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर ती भिंतीला धरून उभी, तोंड एका बाजूला, काय बोलतेय ते कळत नव्हतं. बायकोने तिला खुर्चीत बसवलं, मी किल्ली घेऊन खाली धावलो. सेल्फ मारला. टक्‌. परत मारला. टक्‌, टक्‌, टक्‌. डॅशबोर्डचे दिवे विझत गेले.

जंप केबल? दुकानात. दुकान दोन किलोमीटरवर, बंद. सोसायटीत माझ्या आजूबाजूला चौदा गाड्या उभ्या होत्या. त्यातल्या नऊ गाड्यांमध्ये मी बसवलेल्या बॅटऱ्या होत्या. आणि मित्रांनो, मला एक बेल वाजवता आली नाही. खरं सांगतो. बॅटरीवाल्याची गाडी बॅटरीमुळे बंद, हे पहाटे चार वाजता कुणाच्या दारात उभं राहून सांगायचं? मी टर्मिनल घासले. केबल हलवून बघितली. मेकॅनिकला जे जे येतं ते सगळं केलं, एकदा नाही, तीनदा. बायको गॅलरीतून हाक मारत होती आणि मी तिला 'झालं, झालं' म्हणत होतो. १०८ला फोन करायचंही सुचलं नाही. शेवटी खालच्या मजल्यावरचे रिक्षावाले भाऊ, जे पहाटेच्या पहिल्या लोकलच्या पाळीला निघतात, ते खाली आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही, रिक्षा वळवली आणि म्हणाले, 'मावशींना आणा.'

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'कधी सुरू झालं?' रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं, हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही वेळेतच पोचलो होतो. इंजेक्शन दिलं. पण मी पार्किंगमध्ये घालवलेला वेळ पंचवीस मिनिटांचा होता. बायकोने घड्याळ बघितलं होतं, तिने नंतर एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी काढलं नाही.

आईचं बोलणं पंधरा दिवसांत परत आलं. चालते, भांडते, माझ्या मुलीला जुन्या वसईच्या गोष्टी सांगते. डावा हात मात्र पूर्ण आला नाही. सुईत दोरा ओवायला दोन हात लागतात. पंचवीस मिनिटं आधी पोचलो असतो तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. आपला डॉक्टर मित्र इथे आहे, त्यालाही विचारणार नाही, आणि त्याने मला येऊन सांगूही नये.

आईला मी सगळं सांगितलं, चाळीस बॅटऱ्यांसकट. ती म्हणाली, 'चाळीस होत्या ना? मग एक घरी आणायला काय झालं होतं?' आणि वर म्हणाली, 'शेजाऱ्याला उठवायची लाज वाटली होय तुला? तुला अर्ध्या गल्लीने अंगाखांद्यावर खेळवलंय.'

तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे. ज्याच्या गाडीत बॅटरी बसवतो त्याची तारीख त्यात लिहितो, आणि तीन वर्षं झाली की दर ऑक्टोबरात फोन करतो, फुकट तपासून जा म्हणून. तुम्हाला वाटतं धंद्याचा फोन आहे. वाटू दे. सांगण्यासारखं एकच आहे, ते घरी जाऊन करता येईल : रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू करण्याआधी मीटर लावायचा. साडेबारा व्होल्टच्या वर असेल तर झोपा निवांत. बारा चार असेल तर लक्ष ठेवा. बाराच्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे, चार्जिंगला लावा, आणि भरूनही उतरत असेल तर बदला. इंजिन चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदाच्या मध्ये दिसलं की अल्टरनेटर ठीक. मीटर दोन-तीनशे रुपयांत येतो. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, तो अ‍ॅसिड गटारात ओततो आणि शिसं अंगणात वितळवतो. दुकानदाराला परत द्या.

आणि पावसाचं राहिलं. २०१८ च्या जुलैत आपल्याकडे काय झालं ते सगळ्यांना आठवतंय, नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, सनसिटीचा रस्ता दिसत नव्हता. त्या आठवड्यात माझ्याकडे ज्या गाड्या आल्या त्यातल्या कितीतरी पाण्यामुळे गेल्या नव्हत्या, पाणी ओसरल्यावर मालकाने 'बघू लागते का' म्हणून सेल्फ मारल्यामुळे गेल्या होत्या. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की आतला रॉड वाकतो. तेव्हा बघू नका. काळी केबल काढा आणि टो करून न्या.

आता संपवतो, चहा आलेला दिसतोय. सकाळी तुम्ही सगळे दीपप्रज्वलनाला आत बसलात तेव्हा मी मैदानावर होतो, काही जणांच्या लक्षात आलं असेल. ज्यांनी मला किल्ल्या दिल्या त्यांच्या सतरा गाड्या मी तपासल्या. तेरा ठीक आहेत. तिघांना नंतर बाजूला घेऊन सांगतो. विज्ञानाच्या सरांच्या गाडीला अकरा नऊ आहे, सर, तुम्ही इथपर्यंत कसे आलात हाच एक प्रयोग आहे. तुम्ही चहा घ्या, सावकाश घ्या, पण मला सांगितल्याशिवाय निघू नका. नवी बॅटरी मुलगा दुकानातून घेऊन निघालाय, आणि तो येईपर्यंत केबल माझ्या डिकीत आहे.